हाली, कलदार आणि मनाचं माप

आजचा विषय जरा कोरडा वाटेल, पण वाचा.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमों या दोघांनी शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायला एक चाचणी तयार केली. १९१६ मध्ये टर्मन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ती अमेरिकन मुलांसाठी बेतली. त्यात सहा वर्षांच्या मुलाला नाणी ओळखायची असत... निकेल, पेनी, क्वार्टर, डाइम. आपल्या पोराला डाइम ओळखता आला नाही, तर तो मंद ठरवायचा का? म्हणून मग प्रत्येक मुलखाला ती नव्याने बेतावी लागली. आपल्याकडे ते काम केलं व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांवर त्यांनी ती पारखून घेतली आणि १९४० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. बिने-कामत हे नाव दिव्यांग प्रमाणपत्राच्या निमित्ताने अजूनही कित्येक आईबापांच्या कानावर पडतं.

पण गंमत बघा. धारवाड मुंबई इलाख्यात, आणि आमचं युसूफ वडगाव निजामाच्या राज्यात! आमच्याकडे शिक्षणाची भाषा उर्दू आणि चालणारं नाणं हाली. इंग्रजी रुपयाला आमचे वडीलधारे कलदार म्हणत, त्याचा भाव वेगळा. म्हणजे मराठी मुलासाठी केलेलं मापसुद्धा आमच्या मराठी मुलासाठी केलेलं नव्हतंच. भाषा एक असली की माणसं एक असतात, असं शहरातल्या लोकांना फार लवकर वाटतं. असो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या गावातली एक मुलगी. मानसशास्त्रात एम.ए. करतेय. संकट पचवून उभं राहण्याची ताकद मोजायची एक परदेशी प्रश्नावली तिला इथल्या अठरा ते पंचवीसच्या मुलांना द्यायची आहे. मराठी तपासायला माझ्याकडे आली. रीत अशी की एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायची. १९७० च्या सुमारास ब्रिस्लिन यांनी मांडलेली ही पद्धत चांगलीच आहे. पण तिला शब्दाची चूक सापडते, जगण्यातला फरक सापडत नाही.

त्या गुणाला मराठीत म्हणायचं काय, इथपासून आमची अडचण. लवचिकता म्हटलं तर ऐकणाऱ्याला वेताची छडी आठवते. चिवटपणात हट्टीपणाचा वास. शेवटी खंबीर हा शब्द तिने धरला. कॅनडातले मायकेल उंगर यांनी अकरा देशांत, त्यात भारतही होता, तिथल्याच लोकांना आधी विचारून अशी प्रश्नावली बांधली. मला तोच रस्ता सरळ वाटतो, वेळखाऊ असला तरी.

ऊसतोडीला जाणाऱ्या चार-पाच पोरांना तिने प्रश्न वाचून दाखवले. ‘अडचणीनंतर मी लवकर पूर्वपदावर येतो’ या वाक्याशी एकजण थांबला. म्हणाला, ‘‘ताई, पूर्वपद म्हंजी कोणतं? कारखान्यावरचं का गावातलं?’’

ते वाक्य तिने काढलं. त्या जागी काय घालायचं, हे ती आता त्याच पोरांना विचारतेय. दिवाळी झाली की टोळ्या निघतील, तेव्हा जे करायचं ते त्याआधीच.