लाखोळी: आधी शिक्षा, मग तपास

पूर्व विदर्भातल्या वाचकांनो, लाखोळी आठवते ना? उभ्या धानात बी फेकायचं, उरलेल्या ओलीवर पीक घ्यायचं. म्हणूनच दुष्काळात तीच हाती लागायची. पण महिनोन्महिने तेवढंच खाल्लं की पाय लुळे पडायचे. आयुर्वेदात हा 'कलायखंज'. १९६१ मध्ये डाळीच्या विक्रीवर बंदी आली; दोषी द्रव्य, ओडॅप, ओळखलं गेलं १९६४ मध्ये! पुढे पैदासकारांनी 'रतन', 'प्रतीक' असे कमी ओडॅपचे वाण काढले, तेही जीनोम हाताशी नसताना. तो वाचायचा तरी कसा? माणसाच्या जवळपास दुप्पट! २०२३ मध्ये त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. ओडॅप बनवण्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांची विकरं एकमेकांना धरून काम करतात, हेही त्यात दिसलं. आता त्यांची जनुकं बंद करून बघता येतील. असं रोप तितकंच काटक राहील का, हे मात्र धानाच्या बांधीतच कळेल.