रेल ओसरल्यावर : २००६ चा पूर आणि बुडालेल्या डिझेल गाड्या



सुरतेतल्या आपल्या मराठी माणसांना ऑगस्ट २००६ विसरता येणार नाही. सुरती माणूस पुराला ‘रेल’ म्हणतो, आपणही तेच म्हणायला लागलो. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि ७ ऑगस्टपासून तापी शहरात शिरली. ९ तारखेला राखीपौर्णिमा होती. अडाजण, रांदेर, नानपुरा भागात लोक वरच्या मजल्यांवर अडकून पडले होते. त्या दिवसांवर पुष्कळांनी लिहिलंय. मी लिहितोय ते पाणी उतरल्यानंतरच्या आठवड्याबद्दल, बुडालेल्या डिझेल गाड्यांबद्दल. कारण त्यात माझी एक चूक आहे.

मी तेव्हा बँकेत कर्जाचं टेबल सांभाळायचो. २००५ साली टाटांचा ‘छोटा हाथी’ बाजारात आला होता. दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन, गल्लीबोळात शिरणारी गाडी. साड्यांची पार्सलं न्यायला अगदी सोयीची. खानदेशातून आलेली आपली कितीतरी पोरं लूमखात्यातली नोकरी सोडून कर्जावर गाडी घेत होती. गाडी फिरली तर हप्ता, हा साधा हिशेब.

शाखा उघडल्यावर अडाजणचा एक कर्जदार आला. “साहेब, गाडी पार बुडाली होती. आता काय करू?” मी कॉमर्सचा माणूस, मला समोर फक्त हप्त्याची तारीख दिसत होती. म्हटलं, “भाऊ, वाट कसली बघताय? वाळली की चालू करा आणि धंद्याला लागा.” त्याने दोन दिवस उन्हात ठेवली आणि सेल्फ मारला. ठक्‌ करून एक आवाज आला आणि इंजिन जाम. खोललं तेव्हा कनेक्टिंग रॉड वाकलेला.

असं का झालं, ते मला नंतर उधन्याच्या एका मिस्त्रींनी समजावलं. हे मूळचे अमळनेरकडचे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल व्हायची वेळ येते, आणि त्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. साडेतीनशे सीसीचा सिलिंडर आणि दाब वीसास एक धरा. पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा साधारण अठरा सीसी, म्हणजे जेमतेम चार चमचे. हवा दबते, पाणी दबत नाही. चार चमच्यांपेक्षा जास्त पाणी वर असेल तर पिस्टन थांबतो, आणि सेल्फचा जोर तो बिचारा रॉड झेलतो. गाडी बाहेरून वाळली तरी एअर फिल्टरमधून आत गेलेलं पाणी तिथंच असतं.

मिस्त्रींकडे त्या आठवड्यात गाड्यांची रांग होती. मी दोन-तीनदा जाऊन बसलो. पहिलं काम, बॅटरीची वायर काढणे, म्हणजे कुणी उत्साहाने चावी फिरवायला नको. मग डिपस्टिक. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की पाणी आत गेलंय समजायचं. मग नोझल काढून इंजिन पान्याने हाताने हळूहळू फिरवायचं. भोकांतून पिचकारी उडायची! पाणी संपलं की थोडं ऑइल सोडून पुन्हा फिरवायचं. डिझेलपेक्षा पाणी जड, ते टाकीच्या तळाशी बसतं, म्हणून टाकी खालून रिकामी. पंप आणि नोझल पंपवाल्याकडे, कारण तिथल्या बारीक भागांना पाण्याचा गंजही सोसत नाही. गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, चाकांचे बेअरिंग, ब्रेक, सगळं तपासायचं. ऑइल-फिल्टर दोनदा बदलायचं. शेवटी लाइनमधली एअर काढायची आणि मग कुठे सेल्फ.

मी विचारलं, “हे तुम्ही कुठल्या गॅरेजात शिकलात?” ते हसले. “गॅरेज कुठलं साहेब? विहिरीवर!” त्यांच्या वडिलांच्या शेतात पाण्याचं डिझेल इंजिन होतं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि पुढच्या काळात महाराष्ट्रातल्या विहिरी-नद्यांवर अशी इंजिनं धडधडू लागली. तिथं सेल्फ नव्हता. लिव्हर उचलून दाब सोडायचा, हॅन्डल मारायचा, वेग आला की लिव्हर पाडायचा. हॅन्डल हातात असला की इंजिन कुठे अडतंय ते मनगटाला कळतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, थंडपणी पांढरा आला तर घाबरू नका, पण तापल्यावरही राहिला तर बघा, ही त्यांची बाराखडी तिथलीच. आणि एक नियम: आधी हाताने फिरवून बघायचं, मग जोर लावायचा.

त्यांच्या हातून गेलेल्या माझ्या दुसऱ्या एका कर्जदाराची गाडी सोळा दिवसांनी रस्त्यावर आली. अडाजणच्या गाडीचं मात्र विमा कंपनीने इंजिनाचं नुकसान मान्य केलं नाही. पाणी शिरल्यावर चालू केलं, म्हणजे नुकसान पुरामुळे नाही, तुमच्यामुळे. पुढे बऱ्याच विमा कंपन्या इंजिनासाठी वेगळं कव्हर देऊ लागल्या, त्याला ते उपयोगी पडलं नाही. मी हप्ते पुढे ढकलून दिले. तो दोन वर्षं दुसऱ्याची गाडी चालवत होता, पण कर्ज पूर्ण फेडलं. सेल्फ मारायला मीच सांगितलं होतं, हे त्याने एकदाही काढलं नाही. मीही कधी कबूल केलं नाही. आज इथे करतोय.

पुढच्या पावसाळ्यांत शाखेत कुणी बुडालेल्या गाडीचं विचारलं की मी एवढंच सांगायचो, “चावी खिशात ठेवा, आधी मिस्त्रीला दाखवा. हप्त्याचं आपण नंतर बघू.”

तुमच्या घरातली कुणाची गाडी त्या रेलमध्ये बुडाली होती का? कशी वाचली, किंवा का नाही वाचली, जरूर लिहा.