गीसेनची गुरुपरंपरा

रसायनशास्त्राचा इतिहास म्हणजे शोधांची जंत्री, असा पुष्कळांचा समज असतो. अमक्यानें अमुक सालीं अमुक द्रव्य शोधून काढलें, एवढें सांगितलें कीं इतिहासकाराचें कर्तव्य संपलें! परंतु एखादें शास्त्र कोणीं शोधलें, याइतकाच तें कोणीं व कसें शिकविलें हाहि प्रश्न महत्त्वाचा आहे. सेंद्रिय रसायनाच्या बाबतींत त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आपणांस जर्मनींतील गीसेन या लहानशा गांवीं जावें लागतें.

१८२४ सालीं, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षीं, युस्टुस लीबिग हा तेथील विद्यापीठांत अध्यापक झाला. त्याची प्रयोगशाळा म्हणजे सैनिकांनीं सोडलेल्या बराकीची पहाऱ्याची चौकी. लीबिगचा मित्र व्होलर यानें १८२८ सालीं मूत्रांत सांपडणारा युरिया प्रयोगशाळेंत तयार करून या शास्त्राची एक वाट मोकळी केली. त्या वाटेवर माणसें चालविण्याचें काम लीबिगनें केलें.

त्या काळीं सेंद्रिय द्रव्यांचें पृथक्करण हें मोठ्या कसबाचें व वेळखाऊ काम असे. १८३१ सालीं लीबिगनें पांच फुग्यांचें एक कांचेचें उपकरण तयार केलें. द्रव्य तांब्याच्या ऑक्साइडाबरोबर जाळावें. निघालेली वाफ कॅल्शियम क्लोराइडाच्या नळींत व कार्बनिक आम्लवायु फुग्यांतील पोटॅशच्या द्रावणांत शोषला जावा. आधीं व नंतर दोन्हीं उपकरणें तोलून पाहिलीं, कीं द्रव्यांत हायड्रोजन किती व कार्बन किती तें कळे. उपकरण साधें होतें; पण त्यामुळें पंडितांचें काम विद्यार्थ्यांच्या हातीं आलें.

याहून मोठी गोष्ट त्याच्या शिकविण्याच्या रीतींत होती. ज्याचें उत्तर गुरूलाहि ठाऊक नाहीं असा प्रश्न तो विद्यार्थ्यास देई. रोज सकाळीं प्रत्येकानें आदल्या दिवशीं काय केलें व त्याबद्दल आपला विचार काय, तें सांगावें. गुरूनें मान्यता द्यावी किंवा दोष दाखवावा. वाट मात्र ज्याची त्यानें शोधावी. आमच्या मतें लीबिगचा सर्वांत मोठा शोध हाच होय.

त्याचीं फळें लवकरच दिसूं लागलीं. १८४७ सालीं वास्तुशिल्प शिकण्यास गीसेनला आलेला केकुले त्याचीं व्याख्यानें ऐकून रसायनाकडे वळला, आणि १८६५ सालीं त्यानें बेंझीनची वलयरचना मांडली. केकुलेच्या हाताखालीं बायर तयार झाला. त्यानें म्युनिकला १८८३ सालीं निळीची रचना निश्चित केली. १८९७ सालीं जर्मन कारखान्यांतील कृत्रिम नीळ बाजारांत आली.

येथें हा परकी इतिहास आमच्याच दारांत येऊन उभा राहतो. या निळीपुढें बिहारच्या निळीचा टिकाव लागेना. मळेवाल्या साहेबांनीं आपलें नुकसान वाढीव खंड व भरपाई यांच्या रूपानें रयतेच्या माथीं मारलें. १९१७ सालीं गांधीजी चंपारण्यांत गेले, तेव्हां रयतेच्या गाऱ्हाण्यांत हीं एक मोठें गाऱ्हाणें होतीं. नीळ लावण्याची सक्ति अन्यायाचीच होती, तिच्यासाठीं आम्ही अश्रु ढाळीत नाहीं. पण ज्या विद्येचा वाराहि लागला नव्हता, तिचें देणें त्या शेतकऱ्यानें फेडलें, हें विसरतां येत नाहीं.

याच परंपरेचा दुसरा ओघ मुंबईस पोंचला. बायरजवळ धाकटा विल्यम पर्किन शिकला, पर्किनजवळ मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन, आणि रॉबिन्सनजवळ मद्रासकडील के. वेंकटरामन. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला. १९३८ सालीं वेंकटरामन त्याचे पहिले हिंदी संचालक झाले, व रंगद्रव्यांचें संशोधन तेथें रुजलें. पुढें १९५७ सालीं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेहि पहिले हिंदी संचालक झाले. लीबिगपासूनची ही सहा पिढ्यांची सांखळी. तिचा एकहि दुवा केवळ पुस्तकानें जोडलेला नाहीं.

म्हणूनच पदवीच्या वर्गांतील प्रयोगतास पाहिले म्हणजे आम्हांस खेद होतो. बाटलींत काय आहे, तें मागल्या वर्षाच्या वहीवरून आधींच कळलेलें असतें. पुस्तकांतला द्रवणांक वहींत उतरतो आणि गुण मिळतात. विद्यार्थी फार व साधनें थोडीं, हें कारण कांहीं अंशीं खरें आहे. पण चुकण्याची मोकळीक द्यावयास पैसा लागत नाहीं. वर्षांतून एक तरी प्रश्न असा द्यावा, कीं ज्याचें उत्तर कोणाच्याच वहींत नाहीं. गीसेनच्या त्या चौकींतहि आरंभीं याहून अधिक फारसें कांहीं नव्हतें.