बोरघाट लोहमार्ग

बोरघाट लोहमार्ग : पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सह्याद्री चढून जाणारा, एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश रेल्वे-अभियांत्रिकीचा एक प्रमुख मार्ग. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ कंपनीने तो १८५६–६३ या काळात बांधला. तत्पूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला उतारू खोपोलीपर्यंत आगगाडीने येई, घाट पालखीतून वा गाडीतून चढे आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसे. कारण खंडाळा–पुणे मार्ग जून १८५८ मध्येच सुरू झाला होता.

घाटाचा माथा पायथ्याहून १,८३१ फूट (सु. ५५८ मी.) उंच असून ही उंची सु. २५ किमी. अंतरात गाठावयाची होती. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली (१८१९–६२) यांच्या आखणीत सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा होता. चढाच्या वरच्या भागात वळण घेण्यास जागा नसल्याने तेथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ योजण्यात आले. गाडी डोंगराच्या सोंडेवर येऊन थांबे, एंजिन दुसऱ्या टोकास जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. उतारावर निसटलेली गाडी अडविण्यासाठी आडमार्गही काढलेले होते.

मार्गावर २५ बोगदे आणि ८ मोठे पूल होते. डायनामाइट अद्याप प्रचारात आले नव्हते. काळ्या पाषाणात पहारीने भोके पाडून बंदुकीच्या दारूचे सुरुंग उडवावे लागत. काही ठिकाणी मजुरांना दोरांनी कड्यावरून खाली सोडून हे काम करवून घेण्यात आले. जानेवारी १८६१ मध्ये कामावरील माणसांची संख्या सु. ४२,००० होती. पटकीच्या साथींनी त्यांच्यात मोठी प्राणहानी झाली. मजुरी थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला आणि त्याची सरकारी चौकशी झाली. बर्कली यांची गणिते अचूक होती, हे खरे. परंतु पोटकंत्राटांच्या ज्या साखळीतून मजुरी खालपर्यंत पोहोचावयाची, तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, हेही तितकेच खरे.

मूळ कंत्राटदार विल्यम फेव्हिएल त्याच वर्षी कामातून बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन व क्लाउझर या अभियंत्यांच्या साहाय्याने तिने ते पूर्ण करवून घेतले. त्या काळी एका स्त्रीच्या नावावर एवढे कंत्राट असणे ही असाधारण गोष्ट होय.

२१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्‌घाटन झाले. बर्कली आदल्या वर्षीच इंग्लंडमध्ये निधन पावले होते. १८६७ मध्ये मार्गावरील एक मोठा कमानी पूल कोसळला आणि घाईने उरकलेल्या दगडी बांधकामाच्या दर्जाचा प्रश्न पुढे आला. १९२९ च्या सुमारास नव्या आखणीमुळे रिव्हर्सिंग स्टेशन वगळले गेले आणि त्याच वर्षी पुण्यापर्यंत विजेवर गाड्या धावू लागल्या.