पुढचं पान कुठे असतं?

कल्याण सोडलं की कर्जतच्या बाजूला पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. घरी परतताना लोकलमध्ये मोबाईलवर काहीतरी वाचत असतो आणि नेमका कोणाचा तरी फोन येतो. बोलून परत येतो तोवर सगळी यादी पुन्हा वर गेलेली. ‘तिसऱ्या पानावर होतो’ असं म्हणायची सोयच नाही, कारण पानंच नाहीत.

पानं नाहीशी करणारी ही युक्ती अझा रॅस्किन या डिझायनरची, २००६ सालची. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याआधी वेबवर सगळीकडे यादीखाली १ २ ३ अशा आकड्यांची ओळ असायची. ती तयार करायचं गणित साधं आहे. नोंदी ११८ आणि एका पानावर १० असतील, तर भागाकार ११ आणि बाकी ८, म्हणून पानं १२. बाकी विसरलात तर शेवटचे आठजण कुठल्याच पानावर नाहीत. सातव्या पानावर क्लिक केलं की डेटाबेसला निरोप जातो: पहिल्या साठ नोंदी सोड, पुढच्या दहा दे.

या निरोपात एक खोट आहे, आणि ती मला माझ्या पहिल्या नोकरीत कळली. एका संस्थेसाठी शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी केली होती. मंजुरी बाकी असलेले अर्ज, पानावर दहा. तिथल्या बाई पहिल्या पानावरचे दहा मंजूर करायच्या आणि ‘पुढे’ दाबायच्या. पण मंजूर झालेले अर्ज यादीतून निघून जायचे. मग अकरा ते वीस हे अर्ज सरकून पहिल्या पानावर यायचे आणि बाईंना दुसऱ्या पानावर एकविसापासून पुढचे दिसायचे. असं करत त्या शेवटी पोचल्या, तेव्हा निम्मे अर्ज कोणी पाहिलेलेच नव्हते. काही दिवसांनी मुलांचे फोन सुरू झाले. चूक माझी होती, बोलणी मात्र बाईंनी खाल्ली.

वरून मोजत येणं आणि खूण लक्षात ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक वेबच्या कितीतरी आधीचा आहे.

आजीची पोथी लाल फडक्यात बांधलेली असायची, सुट्या पानांची. हस्तलिखित पोथ्यांमध्ये पानाच्या मागच्या बाजूला, समासात, पत्राचा आकडा घालत आणि बहुधा त्याच्यापाशी ग्रंथाचं संक्षिप्त नावही. म्हणजे दोन पोथ्या वाऱ्याने एकत्र झाल्या तरी प्रत्येक पान आपला पत्ता स्वतःच सांगणार. (आजच्या भाषेत, प्रत्येक पानाला स्वतःची लिंक.) गुरुचरित्राच्या सप्ताहातली वाटणी तर आणखी गमतीची. एका प्रचलित पाठात पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, आणि पाचव्या दिवशी छत्तीस ते अडतीस असे तीनच, कारण छत्तिसावा एकटाच खूप लांब आहे. ‘पानावर दहा’ ठोकून देणाऱ्या आम्हा प्रोग्रामरांपेक्षा ही वाटणी वाचणाऱ्याच्या घशाचा जास्त विचार करते.

आकडा दगा देतो तो यादी बदलली की. तुकारामांच्या गाथेची ‘इंदुप्रकाश’ छापखान्याची आवृत्ती १८६९ ते १८७३ या काळात दोन खंडांत निघाली. पण वेगवेगळ्या गाथांमध्ये अभंगांची संख्याही वेगळी आणि क्रमही. त्यामुळे नुसता अभंगाचा क्रमांक सांगून भागत नाही, कोणती गाथा तेही सांगावं लागतं. वारकरी अभंगाच्या पहिल्या शब्दांवरूनच शोधतो, आणि पुढेमागे कितीही अभंग आले-गेले तरी ते शब्द हलत नाहीत.

मराठी विकिपीडियावरही अगदी हेच चालतं. एखादा मोठा वर्ग उघडा. पानावर दोनशे लेख, आणि खाली आकड्यांऐवजी फक्त मागचं पान, पुढचं पान. ‘पुढचं’ या लिंकमध्ये आकडा नसतोच. अमुक नावापासून पुढे दाखव, एवढंच असतं. मधे कोणी पन्नास लेख घातले तरी तुमचं बोट त्या नावावरच राहतं. किंमत एकच: थेट सातव्या पानावर उडी मारता येत नाही.

आणि उडी लोकांना हवी असते. गूगलने २०२१ मध्ये मोबाईलवर आणि २०२२ मध्ये संगणकावर शोधाचे निकाल आपोआप पुढे वाढत जाण्याची सोय आणली. २०२४ च्या जूनपासून ती काढायला घेतली, आणि संगणकावर पुन्हा आकडे दिसू लागले.

माझ्या यादीतही मी ‘या अर्जानंतरचे दहा’ अशी दुरुस्ती केली. अर्ज गळायचे थांबले, पण आठवड्याभरात बाईंचा फोन. “अहो, ते आकडे कुठे गेले? मी साहेबांना चौथ्या पानावरचं तिसरं नाव बघा असं सांगते. आता काय सांगू?”

मग प्रत्येक नावाआधी अर्जाचा न बदलणारा क्रमांक ठळक टाकला. बाई आता फोनवर तोच सांगतात.