एकरी सात हजार रुपये

मार्च 2002 मध्ये ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह अवकाशात गेले. सुमारे 220 किलोमीटर अंतर राखून ते एकामागून एक पृथ्वीभोवती फिरत. खालच्या भूभागाचे वस्तुमान घटले की गुरुत्वाकर्षण किंचित बदले आणि दोघांमधील अंतरात मायक्रोमीटरच्या मापाचा फरक पडे. एवढ्या सूक्ष्म खुणेवरून मॅथ्यू रॉडेल व सहकाऱ्यांनी 2009 साली ‘नेचर’मध्ये हिशेब मांडला: ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात राजस्थान, पंजाब व हरियाणाच्या भूगर्भातून 109 घनकिलोमीटर पाणी नाहीसे झाले होते. पाऊस तर जवळपास नेहमीसारखाच होता. दोष उपशाचा होता.

त्याच वर्षी पंजाब व हरियाणाने जूनमधील ठरावीक तारखेपूर्वी भातलावणी करण्यास कायद्याने बंदी घातली. कापणी लांबली, पेंढा थंड, स्तब्ध हवेच्या दिवसांत जळू लागला. एका उपायाचे असे दुसरे दुखणे झाले.

मे 2020 मध्ये हरियाणाने ‘मेरा पानी मेरी विरासत’ योजना आणली: भात सोडून मका, कापूस वा कडधान्य घेणाऱ्यास एकरी 7000 रुपये. पाणी 40 मीटरहून खोल गेलेल्या भागांत मात्र ती सक्तीसारखीच होती. फतेहाबाद जिल्ह्यातील रतियाचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले आणि सक्ती सैल झाली. भाताला हमीभावाने सरकारी खरेदी, पंपाला स्वस्त वीज. म्हणजे पाणी उपसण्यालाही पैसा सरकारचाच. शिवाय, घग्गरकाठच्या सखल जमिनीत पावसाचे पाणी साचते, तिथे मका कुजतो आणि भात तगतो, असे ते सांगत होते.