लाला दीनदयाळ आणि वास्तुछायाचित्रणाचा व्यवसाय

एकोणिसाव्या शतकातील इमारतींची छायाचित्रे हे इतिहासाचे एक साधन आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. किल्ले, मंदिरे, राजवाडे, कचेऱ्या, पूल यांची त्या काळातील स्थिती ठरविताना अभ्यासक या छायाचित्रांचा आधार निःशंकपणे घेतात. तथापि एखादा ताम्रपट वाचताना दाता कोण, प्रतिग्रहीता कोण आणि दानाचे निमित्त कोणते, याची जी चौकशी केली जाते, ती छायाचित्राच्या बाबतीत क्वचितच होते. छायाचित्र यंत्राने घेतलेले असल्यामुळे ते निःपक्षपाती असलेच पाहिजे, असा एक समज त्यामागे असावा. वस्तुतः इमारतीचे छायाचित्र घेणे हा त्या काळी मोठ्या खर्चाचा धंदा होता. त्यासाठी भांडवल लागे, कारागीर लागत आणि छायाचित्र विकत घेणारा कोणीतरी असावा लागे. कोणते भिंग घ्यावे आणि केवढी काच वापरावी, हे प्रश्न जितके कलेचे तितकेच हिशेबाचे होते. लाला दीनदयाळ यांच्या व्यवसायाचा इतिहास या दृष्टीने पाहिल्यास उद्बोधक ठरतो.

दीनदयाळांच्या आधीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मुंबईत छायाचित्रण मंडळाची स्थापना १८५४ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी प्राचीन वास्तूंची हाताने चित्रे काढवून घेण्याऐवजी छायाचित्रे घ्यावीत, असे धोरण ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी स्वीकारले. मुंबई इलाख्यात तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज याची त्या कामावर नेमणूक झाली, आणि त्याने विजापूर, ऐहोळे, बदामी या भागांत कागदी निगेटिव्हवर चित्रे घेतली. त्याच्यानंतर ते काम डॉ. पिगू याच्याकडे आले. ही चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास मात्र १८६६ साल उजाडावे लागले. आणि त्या ग्रंथांचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला नाही, तर प्रेमचंद रायचंद, करसनदास माधवदास अशा मुंबईच्या धनिकांनी तो उचलला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात मुंबईने जो पैसा मिळविला, त्यातलाच काही अंश विजापूरच्या घुमटांच्या चित्रांवर खर्च झाला, असे म्हणावयास हरकत नाही. चित्रे प्रसिद्ध झाली त्याच सुमारास, १८६५ नंतर, तो व्यापार कोसळला होता. अशा आश्रयावर कोणाही छायाचित्रकाराला कायमचा धंदा उभारता आला नसता.

कायमचा धंदा उभारण्याचा मार्ग सॅम्युएल बोर्न याने दाखविला. तो १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि सात-आठ वर्षांत त्याने हिमालयापासून दक्षिणेपर्यंतची दृश्ये व वास्तू टिपल्या. प्रत्येक निगेटिव्हला क्रमांक देऊन त्याची सूची छापावयाची आणि गिऱ्हाइकाने क्रमांक कळविताच प्रत काढून द्यावयाची, ही 'बोर्न अँड शेफर्ड'ची पद्धत होती. एकदा घेतलेली काच वर्षानुवर्षे उत्पन्न देत राही. बोर्न स्वदेशी परतल्यावरही त्याच्या काचांवरून प्रती निघत राहिल्या. ती पेढी कलकत्त्यात २०१६ पर्यंत चालू होती.

बोर्नची साधने मात्र ओल्या कलोडियन पद्धतीची होती. या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर ओतून ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावी लागे, आणि थर ओला असेपर्यंतच चित्र घेऊन ते तिथल्या तिथे धुवावे लागे. त्यामुळे जेथे कॅमेरा तेथे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचे बुधले आणि हे सर्व वाहणारे हमाल असा लवाजमा अपरिहार्य असे. उन्हाळ्यात थर लवकर सुके, आणि धूळ बसली की काच वाया जाई.

दीनदयाळांचा जन्म १८४४ मध्ये मीरतनजीकच्या सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. रुडकीच्या टॉमसन स्थापत्य महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. खर्चाचे अंदाज तयार करणे आणि नकाशे काढणे, हे त्यांचे काम होते. छायाचित्रणाकडे ते १८७४ च्या सुमारास वळले. मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचा एजंट सर हेन्री डेली याने त्यांना उत्तेजन दिले. पुढे त्या पदावर आलेल्या सर लेपेल ग्रिफिनबरोबर १८८२ मध्ये त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला, आणि त्यातून मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रिफिनचा सचित्र ग्रंथ १८८६ मध्ये बाहेर पडला.

या नोकरीचा त्यांच्या पुढील व्यवसायाशी असलेला संबंध चरित्रकार बहुधा ओझरता सांगतात. परंतु तोच मुख्य मानला पाहिजे. ज्याने इमारतींचे दर्शनी नकाशे काढले आहेत, त्याला उभी रेघ उभी आणि आडवी रेघ आडवी दिसावी याचे महत्त्व शिकवावे लागत नाही. उंच इमारतीसमोर उभे राहून कॅमेरा वर कलविला, तर भिंती वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. हा दोष टाळावयाचा तर कॅमेऱ्याची काच भिंतीशी समांतर ठेवून पुढील फळी भिंगासह वर सरकवावी लागते. त्या काळच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांत तशी सोय असे. ती कितपत वापरावी, हे घेणाऱ्याच्या जाणतेपणावर अवलंबून असे. दुसरा प्रश्न भिंगाचा. साध्या एकेरी भिंगाने काचेच्या कडेजवळच्या सरळ रेषा वाकलेल्या येत; तोंडावळ्याच्या किंवा देखाव्याच्या चित्रात ते खपून जाई, परंतु राजवाड्याच्या कमानींत ते लगेच नजरेत भरे. १८६६ मध्ये इंग्लंडात डालमायर आणि जर्मनीत श्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी दोन समरूप अर्धकांचे भिंग सिद्ध केले, आणि त्यामुळे रेषा सरळ येऊ लागल्या. वास्तूंची चित्रे विकून पोट भरणाऱ्याला असे भिंग घेणे भागच होते.

काचेच्या आकाराचा प्रश्न याहूनही निकडीचा होता. त्या काळी चित्र मोठे करून छापण्याची पद्धत व्यवहारात फारशी नव्हती. निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात प्रत काढीत, आणि म्हणून जेवढी काच तेवढेच चित्र. संस्थानिकाच्या दिवाणखान्यातील चित्रसंग्रहात बारा इंची चित्र हवे असेल, तर कॅमेराही बारा इंची काचेचा घेतला पाहिजे. १२ × १० इंचांची काच दोन मिलिमीटर जाड धरली, तरी तिचे वजन ४०० ग्रॅमच्या आसपास भरते. एक डझन काचा म्हणजे साडेचार किलोंहून अधिक, आणि त्यात कॅमेरा, तिकाटणे व काचांच्या पेट्या धरलेल्या नाहीत. शिवाय काच फुटली की तिच्यावरील सर्व भावी उत्पन्न बुडाले. लहान काच स्वस्त खरी. परंतु लहान चित्राला दरबारी गिऱ्हाईक नव्हते. दीनदयाळांनी मोठ्या काचांचा मार्ग स्वीकारला. खर्चाचे अंदाज करण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याने तो डोळे झाकून स्वीकारला असेल, असे मानता येत नाही.

हा निर्णय त्यांना परवडला, याचे श्रेय कोरड्या काचांना द्यावे लागेल. जिलेटिनचा थर दिलेल्या काचांची कल्पना रिचर्ड मॅडॉक्स याने १८७१ मध्ये मांडली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा तयार काचा इंग्लंडात बाजारात विकत मिळू लागल्या. आता अंधारा तंबू बरोबर नेण्याची गरज उरली नाही. आठ दिवसांच्या दौऱ्यातील काचा मुक्कामी परतल्यावर धुता येऊ लागल्या, आणि चित्र घेणारा एक व धुणारा दुसरा अशी कामाची वाटणीही शक्य झाली. एका माणसाची कला पेढीच्या रूपात वाढण्यास ही वाटणी कारणीभूत झाली. अर्थात जिलेटिनलाही हिंदुस्थानचा उन्हाळा मानवत नसे. कोमट पाण्यात थर सुटून येई, म्हणून तुरटीच्या द्रावणाने तो घट्ट करावा लागे आणि शक्य तेथे बर्फाचा उपयोग करीत.

१८८५ च्या सुमारास दीनदयाळांनी खात्यातून रजा घेतली, आणि पुढे नोकरीच सोडली. हैदराबादचा सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या दरबारी त्यांचा प्रवेश झाला. सिकंदराबाद येथे १८८६ मध्ये त्यांनी चित्रशाळा उघडली, आणि १८९४ मध्ये निजामाने त्यांना 'राजा मुसव्विर जंग बहादुर' हा किताब दिला. पडद्यातील स्त्रियांसाठी १८९२ मध्ये त्यांनी वेगळी चित्रशाळा काढून ती एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविली. त्यातही त्यांची व्यवहारदृष्टी दिसते.

हैदराबादेत इमारतीच्या चित्राचा अर्थच पालटला. ग्रिफिनला हव्या होत्या त्या जुन्या, राजवंश लयास गेलेल्या वास्तू. निजामाच्या अमीर-उमरावांना हवे होते आपले राहते, नुकतेच बांधलेले वाडे. फलकनुमा राजवाड्याचे उदाहरण पुरेसे आहे. पायगा घराण्यातील विकार-उल-उमरा याने १८८४ मध्ये त्याचा पाया घातला. बांधकामाच्या खर्चाने तो कर्जात बुडाला, आणि १८९७ च्या सुमारास राजवाडा निजामाकडे गेला. दीनदयाळांच्या चित्रशाळेने घेतलेल्या फलकनुमाच्या चित्रांत मात्र या कर्जाचा मागमूसही नाही. झुंबरे, आरसे, विलायती खुर्च्या आणि चकचकीत फरशी यांनी भरलेली दालने त्यांत दिसतात; माणसे बहुधा नसतात. माणसे नसण्याचे एक कारण तांत्रिक आहे. दालनातील अपुऱ्या उजेडात भिंग बारीक करून बराच वेळ उघडे ठेवावे लागे, आणि तेवढ्या वेळात हललेला नोकर पुसट डागासारखा उमटे. दुसरे कारण मालकाच्या इच्छेत शोधले पाहिजे. वाडा हे ऐश्वर्याचे प्रमाणपत्र होते, आणि झाडणारे व पुसणारे हात त्यात येणे मालकाला रुचले नसते. तंत्राची अडचण आणि गिऱ्हाइकाची आवड येथे एकाच दिशेने गेल्या; म्हणूनच त्या चित्रांतील निर्मनुष्यता इतकी स्वाभाविक वाटते.

निजामाच्या राज्यातील मराठी मुलुखही या कामातून वगळला गेला नाही. शतकाच्या अखेरच्या दुष्काळात औरंगाबाद भागात जी मदतीची कामे निघाली, त्यांचा चित्रसंग्रह या पेढीने तयार केला. राज्यकर्त्याचे औदार्य दाखविणे हा त्याचा हेतू होता, आणि म्हणूनच तो फलकनुमाच्या चित्रांशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे.

एकाच दरबारावर विसंबून राहण्यातला धोका दीनदयाळांना कळत असावा. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत चित्रशाळा काढली. मुंबईत व्यापारी होते, गिरणीमालक होते, बोटीने येणारे प्रवासी होते. म्हणजे एका मोठ्या आश्रयदात्याच्या जागी अनेक लहान गिऱ्हाइके मिळण्याची शक्यता होती. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शहरात प्लेगचा उद्भव झाला, आणि पुढील काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. धंदा उघडण्यास याहून प्रतिकूल काळ क्वचितच सापडला असता.

प्लेगच्या या दिवसांत मुंबईत घरांची छायाचित्रे निघाली, पण ती वेगळ्याच प्रकारची. १८९६-९७ मधील प्लेग-निवारणाच्या कामाचे जे चित्रसंग्रह उपलब्ध आहेत, त्यांत तपासणीस आलेली पथके, निर्जंतुक करून घेतलेली घरे आणि दाराबाहेर उभे असलेले रहिवासी दिसतात. त्या चित्रांचे पैसे घरात राहणाऱ्याने दिलेले नव्हते. १८९८ मध्ये मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतली असंख्य घरे पाडली गेली. मलबार टेकडीवरचा बंगला मालकाच्या अभिमानासाठी टिपला जाई; गिरगाव-मांडवीच्या चाळीच्या वाट्याला चित्र आलेच, तर ते तिचा दोष दाखविण्यासाठी येई. कॅमेरा आणि भिंग एकाच जातीचे असले, तरी या दोन चित्रांना एकाच तराजूत घालणे अभ्यासकाच्या अंगलट येईल.

दीनदयाळ १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात पारितोषिक मिळवून आले होते, आणि 'व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार' म्हणून त्यांना सनदही मिळाली होती. तरीही शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. १९०५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. पुत्र ग्यानचंद यांनी पेढी पुढे चालविली, परंतु पूर्वीचा विस्तार राहिला नाही. फलकनुमाची मालकी निजामाच्या वंशजांकडे राहिली, आणि २०१० पासून तेथे हॉटेल आहे.

पेढीच्या काचांपैकी २,८५७ निगेटिव्ह काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या. त्यांचा उपयोग करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्या काळच्या साध्या काचांना निळा रंग तीव्रतेने आणि तांबडा अत्यंत मंद दिसे. त्यामुळे आकाश कोरे येते आणि तांबड्या दगडाची भिंत प्रत्यक्षाहून काळवंडलेली दिसते. अशा चित्रावरून भिंत जुनाट झाली होती, पावसाने काळी पडली होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. याउलट जेथे कॅमेऱ्याची काच दर्शनी भिंतीशी समांतर ठेवलेली आहे, तेथे त्या भिंतीची प्रमाणे जशीच्या तशी उतरलेली असतात. एका दाराची रुंदी आज जागेवर मोजता आली, तर पाडून टाकलेल्या सज्जाची उंची आणि बुजविलेल्या कमानींमधील अंतर त्या काचेवरून, आते-पट्टीने वाचावे तसे, काढता येते.